ब्लेसला काम हवं

आपेन्त्सेलर कुत्रा भुंकतो, आणि खूप भुंकतो. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण या जातीबद्दल मला विचारणारी बहुतेक माणसं आधी तिचे फोटो बघून आलेली असतात. तुकतुकीत काळं अंग, छातीवर पांढरा पट्टा, दोन्ही डोळ्यांवर तांबूस ठिपका, पांढरे पंजे आणि कमरेवर घट्ट वेटोळं घालून बसलेली शेपूट. फोटोला आवाज नसतो. प्रत्यक्षात हा कुत्रा पोस्टमनवर भुंकतो, आनंद झाला की भुंकतो, गाय थांबली की भुंकतो आणि गाय चालायला लागली तरी भुंकतो. हा आवाज ज्याला सोसणार नाही त्याने दुसरी जात बघावी, असं मी मनापासून सांगते. मात्र हा आवाज आला कुठून, आणि तो घरात आणायचा तर काय काय आणावं लागतं, हे समजून घ्यायची ज्याची तयारी आहे, त्याला सांगण्यासारखं माझ्याकडे बरंच आहे.

मी पूर्व स्वित्झर्लंडमध्ये, हेरिसाऊ गावाच्या कडेला राहते. दक्षिणेला आल्पश्टाइनची डोंगररांग आणि तिच्यात २,५०२ मीटर उंचीचा सेंटिस. आमच्या कुंपणापलीकडे लगेच शेजाऱ्याचं कुरण सुरू होतं. आमची कुत्री चांदी त्याच्याच गोठ्यात जन्मली. या भागात अशा कुत्र्याला कुणी जातीच्या पूर्ण नावाने बोलावत नाही. कपाळावरून नाकाकडे उतरणाऱ्या पांढऱ्या पट्ट्यामुळे सरसकट सगळे 'ब्लेस'. शेजाऱ्याचा आताचा कुत्रा ब्लेस, त्याच्या आधीचाही ब्लेस होता, आणि आमच्या चांदीलाही तो ब्लेसच म्हणतो. चांदी दोन्ही नावांना ओ देते.

गुरं-मेंढरं वळवणारा कुत्रा म्हटलं की बहुतेकांना बॉर्डर कोली आठवतो: जमिनीलगत वाकून, आवाज न करता, नजर रोखून मेंढ्यांना वळवणारा. मेंढीवर नजर चालते. इथली तपकिरी गाय सहज सहाशे किलोची असते, आणि ती रस्त्याकडेच्या गवतात तोंड घालून उभी राहिली की कुणाच्या नजरेला भीक घालत नाही. तिला हलवायला दोनच गोष्टी उपयोगी पडतात, आवाज आणि दात. ब्लेस मागून येतो, एका कडेकडून दुसऱ्या कडेला धावत राहतो, सतत भुंकतो, आणि तरीही जी हलत नाही तिच्या मागच्या पायाला, अगदी खुराच्या वर, झटकन चिमटा काढतो. चावा म्हणावा इतका तो खोल नसतो. रक्त काढणारा कुत्रा शेतकरी ठेवतच नाही. चिमटा काढला की त्याच क्षणी तो पोट टेकवून जमिनीला चिकटतो आणि गायीची लाथ त्याच्या डोक्यावरून जाते. शेजाऱ्याने एकदा मला मुद्दाम जवळ उभं करून दाखवलं की त्याचा ब्लेस नेहमी टेकलेल्या पायालाच लागतो, उचललेल्या नाही. ज्या पायावर अंगाचा भार आहे तो लगेच झाडता येत नाही. कुत्र्याला तेवढाच वेळ मिळतो आणि तेवढाच पुरतो.

हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. चांदी चार महिन्यांची असताना आमच्या मुलाच्या टाचेला लागली. मुलगा धावत होता, ती मागे, आणि तिचं तोंड नेमकं बुटाच्या वरच्या कडेशी. मुलगा घाबरून थांबला, तशी तीही शांत झाली. तिच्या लेखी काम झालं होतं. मी तिला रागावले नाही, पण त्या दिवसापासून आम्ही सगळ्यांनी ठरवून शिकवायला सुरुवात केली, कारण पुढे ही कुत्री पंचवीस किलोची होणार होती आणि रस्त्यावर सायकली, धावणारी माणसं, स्केटबोर्डवरची पोरं हे सगळं तिच्या दृष्टीने वाट चुकलेलं जनावरच असणार होतं.

माझं माहेर माण तालुक्यातलं. पावसाळा संपला की धनगरांची मेंढरं कोकणाच्या वाटेला लागायची, घोड्यावर संसार, आणि वाड्याभोवती त्यांचे कुत्रे. त्या कुत्र्यांची मला लहानपणी भीती वाटायची. ते मेंढरं हाकत नसत. हाकायचं काम माणसाचं. कुत्रा दिवसा सुस्त पडलेला दिसे आणि रात्री लांडग्यासाठी जागा असे. इथे आल्यावर मला वाटायचं की ब्लेसही तेच करत असेल. तसं नाही. राखणीचा कुत्रा आणि हाकणीचा कुत्रा ही दोन अगदी निराळी घडण आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९९५ पासून लांडगा परत आला आहे, आणि त्याच्यासाठी इथले मेंढपाळ इटलीचा मारेम्मा नाहीतर पिरेनीजमधला मोठा पांढरा कुत्रा कळपात ठेवतात. ते कळपातच वाढतात, मेंढरांसारखेच निवांत असतात. ब्लेसला कळपात ठेवलं तर तो रात्रभर सगळ्यांना पळवत राहील. अंगणात कुणी अनोळखी आलं तर मात्र तो क्षणात पुढे असतो. परक्याबद्दल थोडा संशय आणि खाऊ देऊन न फितणारा स्वभाव, या दोन्ही गोष्टी जातीच्या अधिकृत वर्णनातच गुण म्हणून लिहिलेल्या आहेत.

ब्लेसला त्याच्या जागी बघायचं तर उन्हाळ्याच्या सुरुवातीला किंवा शेवटी उर्नेश गावात उभं राहावं. बर्फ वितळलं की इथली गुरं डोंगरावरच्या कुरणांवर जातात, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात खाली येतात. त्या चालीचा क्रम ठरलेला आहे. सगळ्यात पुढे पांढऱ्या शेळ्या, त्यांना नेणारी लहान मुलं, रंगीत पारंपरिक कपड्यांत. मागून पिवळ्या विजारीतला सेन, म्हणजे डोंगरावर गुरं सांभाळून चीज करणारा माणूस. त्याच्यामागे गळ्यात मोठमोठ्या घंटा बांधलेल्या तीन गायी. या तीन घंटांचे सूर एकमेकांशी जुळवलेले असतात. मग लाल बंड्या घातलेले गडी, मग सगळं खिल्लार. आणि सगळ्यात शेवटी कळपाचा मालक आणि त्याचा ब्लेस. या भागातल्या शेतकऱ्यांच्या घरांत या चालीची चित्रं लाकडावर रंगवून टांगलेली असतात, आणि त्यांतही कुत्रा शेवटी असतो. गर्दी शेळ्या आणि घंटांचे फोटो काढून पांगायला लागते तेव्हा हा येतो. मी दर वेळी शेवटपर्यंत थांबते. एखादी कालवड लोकांच्या गर्दीकडे वळते, मालक नुसता हात हलवतो, आणि कुत्रा तिच्या बाहेरच्या अंगाला जाऊन तिला रस्त्यावर आणतो. सणाच्या दिवशीही त्याचं काम खरंच असतं, त्याच्याशिवाय कळप गावात विखुरला असता. डोंगरकुरणांवरच्या या उन्हाळी मुक्कामाला, त्याच्या सगळ्या कसबासह, युनेस्कोने २०२३ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मला त्याचा आनंद आहे. यादीत घातल्याने काही टिकत नाही हे खरं, पण निदान या कसबात कुत्राही मोजला जातो.

हा कुत्रा किती जुना, याबद्दल रोमन सैन्याबरोबर आलेल्या अजस्र कुत्र्यांची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. मला त्या गोष्टीत फारसा जीव वाटत नाही. डोंगरातल्या शेतकऱ्याने आपल्या गोठ्यातलं पिल्लू कामाला बरं निघालं की ठेवलं आणि शेजाऱ्याला त्याचं पिल्लू दिलं. इतकं साधं असणार ते, आणि ते कुणी लिहून ठेवलं नाही. लेखी उल्लेख सापडतो तो १८५३ चा. सेंट गालेनचा निसर्गअभ्यासक फ्रीडरिश फोन चूडी याने आल्प्समधल्या प्राणिजीवनावर लिहिताना मध्यम बांध्याच्या, आखूड केसांच्या, बहुरंगी, मोठ्याने भुंकणाऱ्या गुरांच्या कुत्र्याची नोंद केली, जो काही भागांत घराची राखण करतो आणि गुरं हाकतो. भुंकणं तेव्हाही लक्षात भरलं होतं.

त्या काळात स्वित्झर्लंडचा कुत्रा म्हणजे सेंट बर्नार्ड. परदेशातून मागणी यायची ती त्यालाच. शहरातल्या हौशी लोकांना कुत्र्यांच्या प्रदर्शनांचा आणि परदेशी जातींचा नाद लागलेला, आणि गोठ्यातल्या कुत्र्याला जात असते हे कुणाच्या मनातही नव्हतं. १८९५ मध्ये माक्स सीबर नावाच्या वनाधिकाऱ्याने स्विस श्वानसंस्थेला कळवलं की या कुत्र्यांसाठी काहीतरी करा. सेंट गालेन प्रांताच्या सरकारने त्यासाठी ४०० फ्रँक दिले. आल्टश्टेटनच्या गुरांच्या बाजारात कुत्रे बोलावले, तर सोळा आले: नऊ नर आणि सात माद्या. विंटरटूरच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात गुरांच्या कुत्र्यांसाठी पहिल्यांदा वेगळा वर्ग ठेवला, तिथे आठ. आज जगभर पसरलेल्या या जातीची नोंदलेली सुरुवात म्हणजे बाजारात दोरीला धरून आणलेले ते सोळा कुत्रे. मला ते दृश्य डोळ्यांपुढे आणायला फार आवडतं, कारण त्या दिवशी तिथे आलेल्या शेतकऱ्याला आपला कुत्रा कुणी तपासावा असं त्यापूर्वी कधी वाटलं नसेल.

मग या गोष्टीत एक विलक्षण माणूस येतो. आल्बर्ट हाइम, जन्म १८४९, झ्युरिकच्या तंत्रविद्यापीठात भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक. त्याचा सेंटिसशी संबंध पार रक्ताचा. १८७१ मध्ये याच डोंगरात तो कड्यावरून पडला आणि वाचला. पडतानाच्या त्या क्षणांत भीती वाटली नाही, काळ लांबल्यासारखा झाला, सगळं आयुष्य डोळ्यांपुढून गेलं, हे त्याने पुढे सविस्तर लिहिलं. डोंगरातून पडून वाचलेल्या इतर लोकांच्या हकिकतीही गोळा केल्या आणि १८९२ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. मृत्यूच्या दारातून परतलेल्यांच्या अनुभवांचा अभ्यास करणारे आजही त्या लेखाचा दाखला देतात. त्याची बायको मारी हाइम-फ्योग्टलिन ही स्वित्झर्लंडमधली पहिली स्त्री डॉक्टर. १८९८ मध्ये हाइम बलूनमधून आल्प्सवरून उडाला. सेंटिसच्या खडकांचा त्याने आयुष्यभर अभ्यास केला, त्या डोंगराची भलीमोठी प्रतिकृती घडवली. आणि हाच माणूस कुत्र्यांच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून उभा राहायचा.

१९०६ मध्ये त्याच्या पुढाकाराने आपेन्त्सेलर कुत्र्यांचा क्लब निघाला. जातीला तिच्या मूळ, नैसर्गिक स्वरूपात जपायचं हे ध्येय. जन्मणाऱ्या पिल्लांची नोंद वहीत सक्तीची झाली. १९१४ मध्ये हाइमने जातीचं पहिलं मान्य वर्णन लिहिलं. आजच्या वर्णनानुसार नराची उंची खांद्यापाशी ५२ ते ५६ सेंटिमीटर, मादीची ५० ते ५४. मूळ रंग काळा किंवा गडद तपकिरी, त्यावर सारख्या बाजूंनी तांबूस आणि पांढरे डाग. केस दुहेरी, वर घट्ट बसलेले आखूड आणि खाली दाट लव. चालताना शेपूट कमरेवर वेटोळ्यात. हाइम दगड वाचणारा माणूस होता. ज्या वस्तूकडे सगळे रोज बघतात पण नोंदत कुणी नाही, ती नीट बघायची सवय त्याला होती, आणि त्या सवयीचा ब्लेसला फायदा झाला असं मला वाटतं.

हाइमच्या नजरेतून इतरही सुटले नाहीत. १९०८ मध्ये लांगेनटालच्या प्रदर्शनात फ्रान्स शेर्टेनलाइब या गृहस्थाने एक आखूड केसांचा कुत्रा आणला, बर्नीज जातीतला केसाने कमी पडलेला म्हणून. हाइमने त्याच्यात खाटकांच्या आणि शेतकऱ्यांच्या जुन्या दांडग्या कुत्र्याला ओळखलं, आणि ग्रोसर श्वाइत्सर, म्हणजे मोठा स्विस, ही जात नावारूपाला आली. १९१३ मध्ये त्याच गावी जन्मतः आखूड शेपटीचे चार छोटे कुत्रे त्याच्यासमोर आले, ते लुझर्न प्रांतातल्या एंटलेबुख खोऱ्यातले. तोवर त्यांना आणि आपेन्त्सेलरला कुणी फारसं वेगळं मानत नव्हतं. बर्नीज तर तुम्हाला माहीतच असेल, लांब केसांचा, प्रेमळ चेहऱ्याचा. ही चार भावंडं मिळून सेनेनहुंड, म्हणजे सेनचे कुत्रे. रंग चौघांचे जवळपास सारखे, स्वभाव मात्र चार दिशांना. थोरला आणि बर्नीज गाडी ओढणारे, दुधाच्या बरण्या चीजच्या कारखान्यात पोचवणारे, संथ. एंटलेबुखर आणि आपेन्त्सेलर हाकणारे, त्यामुळे सतत पायांवर. रंग बघून एकाला आणायला जाणारा माणूस दुसऱ्याचं काम घरी घेऊन येतो, ही गफलत इथल्या लोकांचीही होते.

तर घरी आणल्यावर काय? व्यायाम हा शब्द मला या कुत्र्याच्या बाबतीत अपुरा वाटतो. दिवसाला दोन तास चालवलं तर चांदी फक्त दोन तास चालायला तयार झालेली, आणखी दमदार कुत्री होते. तिला थकवतं ते डोकं वापरावं लागणारं काम. गवतात लपवलेला हातमोजा शोधून आण. शेजाऱ्याच्या वासरांना फाटकापासून मागे थोपव. मी 'थांब' म्हटलं की धावत्या गाईच्या मागेही थांब. हे शेवटचं शिकायला सगळ्यात जास्त काळ गेला आणि रोज थोडं शिकवावं लागतं, आजही. या जातीचे कुत्रे ढिगाऱ्याखाली आणि बर्फाखाली माणसं शोधायला तयार होतात, अडथळ्यांच्या शर्यती पळतात, आणि त्यात त्यांचा चेहराच बदलतो. काम नसेल तर ते स्वतःच काम शोधतात, आणि ते काम तुम्हाला आवडेलच असं नाही: कुंपणालगत येणाऱ्या-जाणाऱ्याला हाकणं, गाड्यांची चाकं, पाहुण्यांच्या टाचा.

भुंकणं बंद करता येत नाही, आणि करूही नये. मर्यादेत आणता येतं. आमच्या भागात दुपारी बारानंतर थोडा वेळ आणि रविवारी शांतता पाळायची पद्धत आहे, लोक ती मनापासून पाळतात. आम्ही चांदीला भुंकायला एक जागा आणि एक वेळ दिली. कुरणात शेजाऱ्याबरोबर असताना हवं तितकं. घरात पाहुणा आला की दोनदा, मग माझ्याकडे येऊन बसायचं. ती कळवते, मी 'कळलं' म्हणते, काम माझ्याकडे येतं. तिला गप्प बसवायच्या प्रयत्नात तिच्यावर ओरडलं की ती आणखी जोरात भुंकते, कारण तिच्या समजुतीप्रमाणे आता दोघी मिळून भुंकतोय. घशाला झटका देणारे पट्टे इथे कायद्यानेच निषिद्ध आहेत, आणि ते योग्यच आहे.

पिल्लाचे पहिले महिने फार मोलाचे. परक्याबद्दलचा संशय रक्तात आहेच, म्हणून ते लहान असतानाच वेगवेगळी माणसं, काठी घेतलेले म्हातारे, टोपीवाले, रडणारी बाळं, आगगाडी, बाजार असं सगळं हळूहळू, न लोटता दाखवावं लागतं. चांदीला मी बाजाराच्या दिवशी कडेला घेऊन नुसती बसायची. कुणी हात लावायला आलं तर सांगायची, आज नको, ती फक्त बघतेय. मोठी झाल्यावर ती सगळ्यांची लाडकी झाली नाही, तशी अपेक्षाही मी धरली नव्हती. पण ती शहाणी झाली. आमच्या चौघांवर तिचा जीव आहे, बाकी जगाशी ती सभ्यपणे वागते.

शरीराने ही जात काटक आहे. बारा-चौदा वर्षं सहज जगते. खुबे आणि कोपरं यांचे जन्मजात दोष आढळतात, म्हणून आईबापांचे एक्स-रे बघितल्याशिवाय पिल्लू घेऊ नये, आणि वाढत्या वयात जिन्यावरून उड्या मारायला देऊ नयेत. जाड होऊ देणं हा खरा धोका. शेतावरच्या कुत्र्याइतकं खाणं आणि सोफ्यावरच्या कुत्र्याइतकं काम, असं झालं की चार-पाच वर्षांत सांधे बोलायला लागतात. केसांना आठवड्यातून एकदा ब्रश पुरतो. वर्षातून दोनदा लव झडते तेव्हा मात्र रोज, आणि तरीही डाळीच्या डब्यात केस सापडतो. आंघोळ क्वचितच, चिखल वाळला की आपोआप गळून पडतो. आणि गोचीड! इथल्या उंच गवतात गोचिडी भरपूर, त्या माणसांना आणि कुत्र्यांना दोघांनाही आजार देतात. संध्याकाळी चांदीच्या कानामागे, काखेत, बोटांच्या फटीत हात फिरवणं हा आमच्याकडे देवापुढे दिवा लावण्याइतकाच रोजचा नेम आहे.

कायदा इथे कुत्र्याच्या बाजूने बरंच बोलतो. प्रत्येकाला चिप, देशभराच्या नोंदवहीत नाव, पालिकेला वार्षिक कर. रोज माणसाचा सहवास आणि रोज बाहेर फिरणं हा कुत्र्याचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. मला हे वाचून बरं वाटलं होतं. पण गुरं हाकणाऱ्या कुत्र्याला काम मिळालंच पाहिजे, असं कुठल्या नियमात बसवणार? ते मालकाने ओळखायचं.

पुण्याहून फोन येतात. कधी भाच्याचा, कधी मैत्रिणीच्या मुलीचा. बहुतेकांना बर्नीज हवा असतो, काहींना अलीकडे आपेन्त्सेलरही. मी सगळ्यांना नको सांगते, आणि का ते नीट सांगते. बर्नीजच्या अंगावर दुहेरी लांब केसांचं पांघरूण आहे, ते बर्फासाठी आहे. एप्रिल-मेच्या पुण्यात तो वातानुकूलित खोलीतून बाहेर पडूच शकत नाही, आणि चोवीस तास खोलीत राहणं हे त्याच्यासाठी जगणं नाही. त्यात ती जात आधीच अल्पायुषी. कॅन्सरने फार कुत्रे जातात, आणि सात-आठ वर्षांत निरोप घ्यायची वेळ येते. उन्हाची भर कशाला? आपेन्त्सेलरचे केस आखूड असले तरी लव दाट आणि रंग काळा. जुलैमध्ये इथेही आम्ही चांदीला पहाटे आणि रात्री बाहेर काढतो, दुपारी ती तळघराच्या फरशीवर पडून असते. आणि उकाडा बाजूला ठेवला तरी सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हाकायचं काय? लिफ्ट? भाचा थोडा नाराज झाला. मी त्याला म्हटलं, सुट्टीत ये, शेजाऱ्याकडे आठवडाभर पहाटे गोठ्यात जा, मग बोलू. तो आला. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच सांगितलं की आत्या, हा कुत्रा इथलाच आहे.

आता माझ्या मनात घोळणारी एक गोष्ट, जिचं उत्तर सोपं नाही. नोंदणीच्या वहीतल्या आपेन्त्सेलरांचा आधार अजूनही लहान आहे. हे जातीच्या अधिकृत माहितीतच मान्य केलेलं आहे. थोड्या कुत्र्यांतून पिढ्यान् पिढ्या पिल्लं काढली की दोष साचतात. दुसरीकडे गोठ्यागोठ्यांत कागद नसलेले ब्लेस आहेत. कुणाचे कान उभे, कुणाची शेपूट सैल, एखाद्याचा पांढरा पट्टा वाकडा. प्रदर्शनात ते बाद होतील. गुरांमागे मात्र ते कुणालाही मागे टाकतील. हाइमने १९०६ मध्ये जे जपायचं ठरवलं ते यांतलं नेमकं कोणतं? वही नसती तर ही जात सेंट बर्नार्डच्या सावलीत कधीच विरून गेली असती, याबद्दल मला शंका नाही. त्या सोळा कुत्र्यांचं ऋण मी मानते. पण वहीत रंग लिहिता येतो, उंची लिहिता येते. टेकलेला पाय ओळखण्याची अक्कल लिहिता येत नाही. ती फक्त काम करणाऱ्या कुत्र्यांतून काम करणाऱ्या पिल्लांत जाते, आणि गायी कमी होत गेल्या, गोठे बंद होत गेले, की तिची वाट अरुंद होते.

क्लबातले लोक आणि शेतकरी यावर एकमेकांशी वाद घालतात. मी दोघांचंही ऐकते. चांदीला कागद नाहीत. तिचे एक्स-रे आम्ही स्वतः काढून घेतले, चांगले आले, पण तिला पिल्लं होऊ दिली नाहीत, कारण त्या पिल्लांना कामाची घरं मिळतील याची मला खात्री देता आली नसती. पुढचं पिल्लू घेईन तेव्हा त्याचे कागदही हवेत आणि गोठाही. म्हणजे खुबे-कोपरं तपासलेली, वंशावळ माहीत असलेली आई. पण मी ती बघायला जाणार संध्याकाळी, धारेच्या आधी, गायी कुरणातून आत घ्यायच्या वेळेला. ती आई माझ्यावर भुंकते का, मालकाने 'पुरे' म्हटल्यावर थांबते का, आणि मागे राहिलेल्या गाईकडे न सांगता जाते का, एवढं बघेन. अशा जागा थोड्या आहेत आणि तिथे वाट बघावी लागते. शेजाऱ्याने दोन पत्ते दिले आहेत, एक गाइसचा, एक उर्नेशच्या वरच्या अंगाचा. उर्नेशच्या बाईंनी फोनवर माझं नाव विचारायच्या आधी विचारलं, तुमच्याकडे त्याला करायला काय आहे?